पाळण्याचा सरकारी हिशेब

आजचा विषय आहे विकसित देशांतला घटता जन्मदर आणि त्यावर तिथली सरकारं जे काही करताहेत ते. देश पुष्कळ आहेत आणि वेळ तासाभराचा, तेव्हा सगळ्यांची यात्रा काही आम्ही करणार नाही. जास्त वेळ दक्षिण कोरियाला देऊ, कारण तिथं हा प्रश्न सगळ्यांत टोकाला गेला आहे. बाकीचे देश वाटेत भेटतील.

सुरुवात एका नकाशानं करू. डिसेंबर २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या अंतर्गत कारभार खात्यानं एक संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर देशाचा नकाशा होता, गुलाबी रंगाच्या फिक्या-गडद छटांमधला. कुठल्या भागात १५ ते ४९ या वयाच्या किती बायका राहतात, त्याचा आकडा तिथं दिला होता. अगदी एककापर्यंत, म्हणजे अमुक भागात इतके हजार इतकेशे त्रेचाळीस. जिथं बायका जास्त तिथं गुलाबी गडद. वर भागांची क्रमवारीही लावलेली. स्थानिक प्रशासनांमध्ये जरा चुरस लागावी हा हेतू. बायकांनी असा काही आवाज उठवला, की खात्याला ते पान ताबडतोब बंद करावं लागलं.

आपल्याकडे शेतकी खात्याच्या कचेरीत जमिनीची प्रत दाखवणारे नकाशे असतात बघा. काळी जमीन कुठे, मुरमाड कुठे, कुठे काय पिकेल. हा नकाशा त्याच जातीचा. त्यात काय होतं यापेक्षा काय नव्हतं ते बघण्यासारखं आहे. त्यात पुरुष नव्हते. कुठल्या भागात पाळणाघरं किती, घरभाडं किती, कामावरून माणूस घरी किती वाजता येतो, बाळंत झाल्यावर किती जणींची नोकरी टिकते, यातलं काहीही नव्हतं. एका नोकरशाहीनं आपल्या मनातलं चित्र चुकून जाहीर करून टाकलं, एवढंच. आमचं आजचं बोलणं त्या चित्राबद्दल आहे, कारण ते एकट्या कोरियाचं नाही.

आधी आकडा समजून घेऊ, तो वारंवार येणार आहे. एकूण जननदर म्हणजे, आजच्या वर्षी निरनिराळ्या वयांच्या बायकांना ज्या प्रमाणात मुलं होताहेत तेच प्रमाण कायम राहिलं, तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील. स्थलांतर सोडून दिलं तर लोकसंख्या आहे तेवढी राहायला हा दर २.१ च्या आसपास लागतो. कोरियात तो २०२३ साली ०.७२ होता. २०२४ मध्ये ०.७५ झाला, तर नऊ वर्षांनंतर पहिल्यांदा वाढला म्हणून केवढा गाजावाजा झाला. या आकड्यात एक खोडही आहे. तो एका वर्षाचं छायाचित्र आहे. पंचविशीत होणारी मुलं लोकांनी पस्तिशीवर ढकलली, तर मधल्या वर्षांत आकडा फार खाली दिसतो आणि पुढे थोडा सावरतो. मग त्या वेळी जो पंतप्रधान असेल तो म्हणतो, आमच्या योजनेनं पाळणे हलले.

आता कोरियाचा मागचा भाग. तो बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही.

१९६० च्या आसपास कोरियन बाईला सरासरी सहा मुलं होत. देश युद्धातून उठलेला, गरीब. लष्करी राजवटीनं पहिल्या पंचवार्षिक योजनेबरोबरच कुटुंबनियोजन हाती घेतलं, आणि लष्करी शिस्तीनं राबवलं. नसबंदी करून घेतली तर राखीव सैनिकांच्या सक्तीच्या कवायतीतून सूट. १९७७ मध्ये तर सोलच्या नव्या सरकारी वसाहतीतले फ्लॅट देताना नसबंदी केलेल्यांना अग्रक्रम होता. लोकांनी त्या इमारतींना काय नाव ठेवलं असेल ते आम्ही इथं सांगत नाही, तुम्ही ओळखा. दर उतरत उतरत १९८३ मध्ये २.०६ वर आला, म्हणजे काम फत्ते झालं होतं. पण खातं थांबलं नाही. फलक लागत राहिले, कार्यकर्त्या घरोघर फिरत राहिल्या, आणि धोरण अधिकृतपणे मागे घेतलं गेलं ते १९९६ साली. तेरा वर्षं गाडी उतारावर होती आणि ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर.

याच काळात मुलगा हवा या हट्टापायी गर्भलिंगनिदान बोकाळलं. १९९० मध्ये शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे जन्माला आले. गर्भपात कायद्यानं १९५३ पासून गुन्हा होता, १९७३ मध्ये काही अपवाद केले, बाकी बंदीच. पण सरकारला मुलं कमी हवी होती, म्हणून तिकडे कुणी बघत नव्हतं. पुढे २००९ च्या सुमाराला मुलं जास्त हवीत असं ठरलं, आणि तोच निजलेला कायदा जागा करण्याची भाषा सुरू झाली. कायदा तोच, बाई तीच, फक्त राज्याची गरज बदलली. २०१९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे हा खेळ थांबला.

फ्लॅटचं तर फारच बोलकं आहे. आज कोरियात नव्या घरांच्या वाटपात जास्त मुलं असलेल्या कुटुंबांसाठी वेगळा कोटा असतो. पूर्वी तीन मुलं लागत, आता दोन असली तरी चालतं. एका पिढीला मूल न होऊ देण्याबद्दल घर, पुढच्या पिढीला मूल होऊ देण्याबद्दल घर. तरफ तीच, फक्त दांडा उलटा दाबायचा.

२००५ मध्ये कायदा झाला, २००६ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या, आणि तेव्हापासून पंधराएक वर्षांत सुमारे २८० लाख कोटी वॉन खर्च झाल्याचं सांगितलं जातं. आपल्याकडचे लेखक हा आकडा फेकून म्हणतात, बघा, इतका पैसा ओतला तरी बायका ऐकत नाहीत! थोडं थांबावं. २०२३ सालच्या ‘जन्मदर खर्चा’चे सुमारे ४७ लाख कोटी वॉन तिथल्याच सरकारी संशोधन संस्थेनं तपासले, तर थेट या प्रश्नाशी संबंध असलेली रक्कम निम्म्याच्या आसपास निघाली. घरकर्जाच्या मोठाल्या योजनाही याच खात्यावर मांडलेल्या. आपल्या अंदाजपत्रकात सगळ्याच खर्चाला ‘ग्रामविकास’ म्हणायची पद्धत आहे ना, तसंच.

पण समजा, सगळा पैसा खरोखरच मुलांवर गेला असता. तरी काय झालं असतं? मार्च २०२३ मध्ये कोरियन सरकारनं एक प्रस्ताव आणला. कामाच्या आठवड्याची कमाल मर्यादा तेव्हा ५२ तास होती, ती निकडीच्या काळात ६९ तासांपर्यंत नेऊ द्यावी, असा. तरुण नोकरदारांनी ओरड केली म्हणून तो बारगळला. एकीकडे सरकार म्हणतं मुलं होऊ द्या, राष्ट्रापुढे आणीबाणी आहे. दुसरीकडे तेच सरकार म्हणतं एकोणसत्तर तास काम करा. रविवार सोडला तर रोजचे साडेअकरा तास. वर जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मूल कुणी बघायचं? त्याचं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. तिनं.

आणि तिनं बघितलं की तिची नोकरी जाते. ज्यांची नोकरी लग्न-बाळंतपणात अशी मधेच तुटली त्या बायकांसाठी कोरियन भाषेत वेगळा शब्दच आहे, तो वर्तमानपत्रांत रोज वापरला जातो. शब्द तयार झाला याचा अर्थ गोष्ट किती नेहमीची असेल! स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत २०२२ मध्ये सुमारे ३१ टक्के होती, श्रीमंत देशांच्या त्या ओईसीडी नावाच्या गटात सगळ्यांत जास्त. वडिलांची संगोपन रजा म्हणाल तर कागदावर जगातल्या सगळ्यांत लांब रजांपैकी एक, जवळजवळ वर्षभराची. पण ती घेतलेल्या माणसाकडे साहेब कसा बघतो, हे कायद्यात बसत नाही. मूल मोठं व्हायला लागलं की शिकवण्या. २०२३ मध्ये कोरियन पालकांनी खासगी शिकवण्यांवर २७ लाख कोटी वॉन खर्च केले. कोटा किंवा लातूर डोळ्यांपुढे आणा, आणि तो संपूर्ण देशभर आहे अशी कल्पना करा.

या सगळ्यात एका अटीचा सहसा उल्लेख होत नाही. ती म्हणजे लग्न. २०२३ मध्ये तिथं जन्मलेल्या मुलांपैकी लग्नाबाहेर जन्मलेली पाच टक्क्यांहूनही कमी. फ्रान्समध्ये आणि स्वीडनमध्ये हेच प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे कोरियन बाईला मूल हवं असेल तर नवरा, सासर, सणावारी सासरच्या स्वयंपाकघरात उभं राहणं, हा सगळा संच एकत्र घ्यावा लागतो. सुटा माल मिळत नाही. ती म्हणते, मला दुकानातच यायचं नाही. आणि सरकार बाहेर उभं राहून कूपन वाटतं.

आता इतर देशांकडे भरभर बघू.

जबरदस्तीचा नमुना म्हणजे रुमानिया. ऑक्टोबर १९६६ मध्ये चाउशेस्कूनं ७७० क्रमांकाच्या फर्मानानं गर्भपातावर बंदी घातली. १९६६ मध्ये २ लाख ७४ हजार बाळं जन्मली होती, १९६७ मध्ये ५ लाख २८ हजार. आकड्यांच्या प्रेमात पडलेल्या माणसाला याहून सुंदर दृश्य कुठलं? पण १९८३ पर्यंत दर पुन्हा दोनच्या आसपास उतरला, कारण लोकांनी चोरवाटा शोधल्या. त्या चोरवाटांवर सुमारे दहा हजार बायका मेल्या. फर्मान रद्द झालं डिसेंबर १९८९ मध्ये, राजवट कोसळल्याबरोबर, आणि तेव्हा अनाथाश्रमांतून जी मुलं बाहेर आली त्यांची छायाचित्रं जगानं पाहिली. जन्माला घाला म्हणणाऱ्या राज्यानं जन्मलेल्यांचं काय केलं, ते त्या छायाचित्रांत आहे.

सिंगापूर वेगळं. तिथं सगळं सभ्यपणे, हिशेबी पद्धतीनं होतं. १९७२ पासून दोनवर थांबा अशी मोहीम होती. १९८३ मध्ये ली क्वान यू यांनी राष्ट्रीय मेळाव्याच्या भाषणात चिंता व्यक्त केली, की शिकलेल्या बायका लग्न करत नाहीत, मुलं होऊ देत नाहीत, आणि न शिकलेल्यांना मात्र होताहेत. १९८४ मध्ये पदवीधर आयांच्या मुलांना शाळाप्रवेशात अग्रक्रम मिळाला. त्याच वर्षी, कमी शिकलेल्या गरीब बाईनं दोनाच्या आत थांबून नसबंदी केली तर दहा हजार डॉलर. लोक संतापले, पदवीधरांची योजना वर्षभरात गेली. १९८७ पासून घोषणा पालटली आणि परवडत असेल तर तीन होऊ द्या अशी झाली. २००१ पासून बाळामागे रोख बक्षीस. २०२३ चा दर ०.९७. पण आमच्या मते सिंगापूरनं एक उपकार केला आहे. बाकीची सरकारं जे पोटात ठेवतात ते त्यानं ओठावर आणलं. ‘जन्मदर घटतोय’ या वाक्यात जवळजवळ नेहमी दुसरं वाक्य दडलेलं असतं, की आपल्यातल्या हव्या त्या लोकांचा घटतोय.

हंगेरीत हे दुसरं वाक्य कर्जाच्या अर्जात सापडतं. तिथली २०१९ ची योजना आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांना फार आवडते. चार किंवा जास्त मुलं असलेल्या आईला जन्मभर प्राप्तिकर माफ. नवविवाहितांना एक कोटी फोरिंटचं बिनव्याजी कर्ज. दुसऱ्या मुलाला त्यातली तीस टक्के रक्कम माफ, तिसऱ्या मुलाला राहिलेलं सगळं माफ. ऐकायला छान. पण ठरलेल्या पाच वर्षांत मूल झालंच नाही तर? व्याजाची सवलत काढून घेतली जाते आणि आतापर्यंतची सवलतही परत भरावी लागते. घटस्फोट झाला तरी गुंता. म्हणजे गर्भधारणा न होणं हे कर्ज थकवण्यासारखंच. आमच्या ओळखीत वर्षानुवर्षं उपचार घेणारी जोडपी आहेत, तुमच्याही असतील. त्यांच्या दु:खावर बँकेचा शिक्का कसा दिसेल, बघा विचार करून.

शिवाय करमाफी कुणाला मिळणार? जो कर भरण्याइतकं कमावतो त्याला. कर्ज मिळायला लग्न हवं, आधी तीन वर्षं विम्याची वर्गणी भरलेली हवी. म्हणजे अंगावरच्या मजुरीवर जगणारे, त्यांत रोमा समाजाचे पुष्कळ, आपोआप बाहेर. आणि सगळ्या मुलांना सरसकट मिळणारा जो साधा मासिक भत्ता होता, तो २००८ पासून वाढवलेलाच नाही. पहिल्या मुलाला १२,२०० फोरिंट, तेव्हाही आणि इतक्या महागाईनंतरही. एका हातानं चौथ्या मुलासाठी माळ, दुसऱ्या हातानं पहिल्याच्या दुधाला हात आखडता. जननदर २०११ मध्ये १.२३ होता, १.६ च्या जवळ गेला, २०२४ मध्ये पुन्हा १.४ च्या आसपास आला.

इथपर्यंत श्रोत्यांपैकी बरेच जण मान डोलावत असतील, की हो, जबरदस्ती नको, आमिषं नकोत, स्वीडनसारखं करावं. खरी अडचण इथूनच सुरू होते.

स्वीडनची गोष्ट १९३४ पासून सांगावी लागते. त्या वर्षी आल्व्हा आणि गुन्नार मिर्दाल या तरुण नवरा-बायकोनं लोकसंख्येच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं. स्वीडनचा जन्मदर तेव्हा युरोपातल्या सगळ्यांत कमी दरांपैकी होता. उजवी मंडळी म्हणत होती, बायकांना घरी बसवा, गर्भनिरोधकं बंद करा. मिर्दालांनी तोच प्रश्न उचलून उलटा धरला. मुलं होत नाहीत कारण घरं कोंदट आहेत, पगार अपुरे आहेत, आणि बाई गरोदर राहिली की मालक तिला काढतो. तेव्हा घरं बांधा, बाळंतपण मोफत करा, शाळेत जेवण द्या. आल्व्हाबाईंचा मुद्दा तर आजही ताजा वाटतो. लग्न झालेल्या बाईला नोकरीचा हक्क आहे का, असं लोक विचारत. त्यांनी विचारलं, नोकरी करणाऱ्या बाईला लग्नाचा आणि मुलांचा हक्क आहे का? १९३८ मध्ये गर्भनिरोधकांच्या प्रचारावरची बंदी उठली. १९३९ मध्ये लग्न किंवा बाळंतपण यासाठी नोकरीवरून काढणं बेकायदा झालं. जन्मदर वाढवायला निघालेला देश संततिनियमन मोकळं करतो, हे त्या काळात अजबच होतं. ज्या आईला मूल हवं आहे तिलाच ते व्हावं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा बाईचं आरोग्य आणि तिचं सुख यापासून सुरुवात केली होती. दोन्हीकडे रोख एकाच दिशेला होता. या आल्व्हाबाई पुढे १९५५ पासून काही वर्षं दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या, हे जाता जाता.

पण त्याच १९३४ साली स्वीडननं नसबंदीचा कायदाही केला. मतिमंद, ‘समाजाला अयोग्य’ अशा लोकांसाठी. मिर्दालांचा त्याला विरोध नव्हता, उलट तो पुरेसा कडक नाही असं त्यांना वाटत होतं. १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार माणसांची नसबंदी झाली, बहुतेक बायका. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९९९ मध्ये. ज्या पुस्तकातून मोफत बाळंतपण निघालं, त्याच विचारातून हेही निघालं. हा अपघात नव्हता, असं आम्हाला वाटतं. कल्याणाची कारणं ‘लोकसंख्या’ या शब्दात मांडली, की संख्येबरोबर प्रत येतेच. किती मुलं, यामागोमाग कशी मुलं.

दुसरी अडचण अलीकडची. स्वीडनमध्ये पाळणाघरं आहेत, आईबापांची मिळून सोळा महिन्यांची रजा आहे, बापही ती घेतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सगळे अभ्यासक सांगत होते, समानता आणा, जन्मदर टिकेल. २०१० मध्ये स्वीडनचा दर १.९८ होता. २०२३ मध्ये १.४५. फिनलंड तर याहून धक्कादायक. १.८७ वरून १.२६. या काळात फिनलंडनं पाळणाघरं बंद केली नाहीत. उलट २०२२ मध्ये आई-बाप दोघांना सारखी रजा देणारी सुधारणा केली. आकडा पडतच राहिला. का पडला याची पुष्कळ स्पष्टीकरणं आहेत, एकावरही एकमत नाही.

आमची टीका म्हणूनच फक्त हुकूमशहांवर किंवा गुलाबी नकाशावाल्यांवर नाही. ती आपल्या बाजूच्या मंडळींवरही आहे. स्त्रीवादी, कामगार संघटनावाले, भले अर्थतज्ज्ञ. गेली वीस-पंचवीस वर्षं या लोकांनी अर्थमंत्र्यांपुढे पाळणाघर मागताना असं सांगितलं, की साहेब, हे द्या, म्हणजे जन्मदर वाढेल. डाव म्हणून ठीक होता. मंत्र्याला दुसरी भाषा कळतच नव्हती. पण आता मंत्री विचारतो, दिलं की! वाढला का? आणि नाही वाढला, तर मग हा खर्च कशाला? आकड्याच्या जिवावर मागून घेतलेलं पाळणाघर आकडा पडला की धोक्यात येतं. मग दुसरा कुणी उठतो आणि म्हणतो, समानतेनं काही होत नाही, आता जुनेच उपाय बघू. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी लोकसंख्येचं ‘पुनर्शस्त्रीकरण’ असा शब्द वापरला. पाळण्यात शस्त्रं कुठून आली असं तिथल्या बायकांनी विचारलं, ते योग्यच होतं.

जर्मनीचं उदाहरण वेगळ्या डोळ्यानं बघू. कामावर जाणाऱ्या आईला जर्मन भाषेत ‘कावळीण आई’ अशी शिवी आहे. पिल्लं टाकून उडून जाणारी, अशा अर्थानं. (कावळा पिल्लांना टाकत नाही, पण भाषेला कोण समजावणार?) २००७ मध्ये तिथं संगोपनभत्ता आला. आधीच्या पगाराच्या सुमारे ६७ टक्के, बारा महिने, आणि दुसऱ्या पालकानंही रजा घेतली तर आणखी दोन महिने. २०१३ पासून वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा कायदेशीर हक्क झाला. जननदर २००६ मध्ये १.३३ होता, २०१६ मध्ये १.५९ झाला, २०२३ मध्ये १.३५. आकडेवाला म्हणेल, फुकट गेलं. पण २००७ च्या आधी संगोपन रजा घेणारे बाप शंभरात तीनेक होते, आता चाळीसांहून जास्त. ज्या लाखो मुलांचा पहिला घास बापानं भरवला, ती मुलं वाया गेली का? जी बाई नोकरी राखू शकली, तिचं म्हातारपणचं निवृत्तिवेतन वाया गेलं का? हा खर्च जन्मलेल्यांसाठी आणि त्यांना वाढवणाऱ्यांसाठी होता, आणि त्यांना तो पोचला. हिशेब इथं पूर्ण होतो. न जन्मलेल्यांच्या संख्येवर त्याची परीक्षा घेणं म्हणजे शाळेला गावच्या पर्जन्यमानावरून गुण देण्यासारखं आहे.

एक चिठ्ठी आली आहे. वाचून दाखवतो: ‘हे सगळं ठीक, पण पेन्शन कोण भरणार? म्हाताऱ्यांना कोण बघणार?’ प्रश्न खरा आहे, तो उडवून लावता येणार नाही. जपानमध्ये २०२४ मध्ये सात लाखांहूनही कमी मुलं जन्मली. खेड्यांतल्या शाळा बंद पडताहेत, एसटीसारख्या गाड्यांचे मार्ग बंद होताहेत. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आज जन्माला आलेलं मूल पंचवीस वर्षांनी वर्गणी भरू लागेल. ज्या म्हाताऱ्यांची काळजी आज आहे त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि तोवर ते मूल स्वत: खर्चाचीच बाब आहे. म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं उत्तर पाळण्यात नाहीच. ते निवृत्तीच्या वयात आहे, करात आहे, घरी बसवलेल्या बायकांना कामावर परत घेण्यात आहे, आणि बाहेरून येणाऱ्या माणसांत आहे.

शेवटची बाब आपल्या दाराशी आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, गवंडी, ड्रायव्हर, अशी दहा हजार माणसं पाठवण्याची भाषा होती. जर्मनीत जे पाळणे तीस वर्षांपूर्वी हलले नाहीत, त्यांची जागा भरायला इथली मुलं जर्मन शिकताहेत. त्यांनी जावं, जरूर जावं. फक्त एक विचारावंसं वाटतं. त्यांना वाढवलं कुणी, कुणाच्या पैशानं, आणि त्यांचे आईबाप म्हातारे झाल्यावर त्यांच्याकडे कोण असेल? कोरियानं २०२४ मध्ये सोलमध्ये मुलं सांभाळायला फिलिपिन्समधून शंभर बायका आणल्या, आणि चर्चा काय सुरू झाली, तर यांना किमान वेतनापेक्षा कमी देता येईल का? त्यांतल्या काही जणींची स्वत:ची लेकरं मागे राहिली असतील, तर ती कुठल्या नकाशावर गुलाबी होतात?

वेळ होत आला. महाराष्ट्राचं एक सांगतो आणि प्रश्नांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. म्हणजे २.१ च्या बराच खाली, २०१० च्या स्वीडनपेक्षाही कमी. आणि आपल्याकडे दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या मुलांसाठी ही अट आहे. सरकारी नोकरीसाठी २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत. तिकडे आंध्र प्रदेशानं अशीच अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्याच्या जरा आधी तिथले मुख्यमंत्री म्हणाले होते, की उलट दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांनाच निवडणूक लढवू द्यावी असा कायदा करण्याचा विचार आहे. कोरियाला दांडा उलटा करायला काही दशकं लागली होती, इथं ते एका मुख्यमंत्र्याच्या भाषणात उरकलं. सरपंच होऊ इच्छिणाऱ्या बाईला तिसरं मूल हवं होतं की नव्हतं, ते होऊ देण्याचा निर्णय घरात कुणाच्या हातात होता, हे दोन्ही कायद्यांत कुणी विचारलेलं नाही.

हां, मागच्या रांगेतून हात वर झाला आहे. माइक तिकडे द्या.